मुक्या जिवांचा सोयरा : जेराल्ड ड्यूरेल

हिंदी महासागरात मॉरिशस नावाचे एक बेट आहे. त्या बेटावर पूर्वी डोडो नावाचा एक मोठा पक्षी राहत असे. त्याला उडता येत नसे आणि माणसाचे भय त्याला ठाऊक नव्हते. सोळाव्या शतकाच्या अखेरीस डच खलाशी तेथे उतरले. त्यांनी डोडोची शिकार केली. जहाजांतून आलेल्या डुकरांनी, माकडांनी व उंदरांनी त्याची अंडी फस्त केली. शंभर वर्षे पुरी होतात न होतात तोच हा पक्षी पृथ्वीवरून नाहीसा झाला. राजवाडा पडला तर तो पुन्हा बांधता येतो, ग्रंथ जळाला तर त्याची दुसरी प्रत कोठे तरी सापडते. परंतु जिवाची एखादी जात नष्ट झाली, म्हणजे ती पुन्हा निर्माण करण्याचे सामर्थ्य कोणाही मनुष्याच्या अंगी नाही. ह्या सत्याची टोचणी ज्यांच्या मनाला जन्मभर लागून राहिली आणि नामशेष झालेला डोडो हेच ज्यांनी आपल्या संस्थेचे चिन्ह केले, ते जेराल्ड ड्यूरेल होत.

जेराल्ड ड्यूरेल यांचा जन्म ७ जानेवारी १९२५ रोजी भारतात, जमशेदपूर येथे झाला. त्यांचे वडील इंजिनिअर होते. आईवडील दोघेही इंग्रज असले, तरी दोघांचाही जन्म भारतातलाच होता. चार भावंडांत जेराल्ड सर्वांत धाकटा. प्राणिसंग्रहालयाचे पहिले दर्शन त्याला भारतातच घडले आणि त्या दर्शनाने जे वेड लागले, ते अखेरपर्यंत सुटले नाही. तो तीन वर्षांचा असतानाच, १९२८ साली, वडील वारले. त्यामुळे आई मुलांना घेऊन इंग्लंडला परतली.

इंग्लंडमधील थंड व ढगाळ हवा ह्या कुटुंबाला मानवली नाही. म्हणून १९३५ साली सारी मंडळी ग्रीस देशातील कॉर्फू बेटावर जाऊन राहिली. तेथील ऊन, समुद्र आणि ऑलिव्हच्या बागा ह्यांत जेराल्डची चार वर्षे गेली. नियमित शाळा त्याच्या वाट्याला फारशी आली नाही. शिक्षक घरी येऊन शिकवीत. त्याची खरी शाळा मात्र ओढ्याच्या काठी व दगडांच्या फटींत भरत असे. थिओडोर स्टेफानिडीस नावाचे एक विद्वान डॉक्टर तेथे राहत होते. पाण्याच्या एका थेंबापासून आकाशातील ताऱ्यांपर्यंत सर्व गोष्टींची त्यांना सारखीच आवड होती. त्यांनी ह्या लहान मुलाला बरोबरीच्या माणसाप्रमाणे वागवले. एखादा किडा नुसता पकडून भागत नाही. तो काय खातो, कोठे राहतो, पिल्लांना कसा वाढवितो, हे धीराने पाहावे व लिहून ठेवावे, ही शिस्त त्यांच्यापासून जेराल्डने घेतली.

घरात कासवे, पाणसाप, घुबडाचे पिल्लू, कबूतर असे अनेक पाहुणे येऊ लागले. एकदा पाठीवर पिल्ले घेतलेली विंचवीण त्याने काडेपेटीत घालून घरी आणली आणि तेथेच ठेवून दिली. थोरल्या भावाने सिगारेट पेटविण्यासाठी नेमकी तीच काडेपेटी उघडली, तेव्हा जेवणाच्या टेबलावर जो हलकल्लोळ उडाला, त्याचे वर्णन ड्यूरेल यांनी पुढे आपल्या पुस्तकात मोठ्या विनोदाने केले आहे. घरच्यांनी आरडाओरडा केला. पण ह्या मुलाचा छंद कोणी मोडून काढला नाही.

१९३९ साली महायुद्धाची छाया युरोपवर पसरली आणि कुटुंब इंग्लंडला परतले. युद्ध संपल्यावर, १९४५ साली, वीस वर्षांचा जेराल्ड व्हिप्स्नेड येथील प्राणिसंग्रहालयात उमेदवार म्हणून कामाला लागला. शेण काढणे, गवत पसरणे, पाणी भरणे हे त्याचे काम. ते तो आनंदाने करी आणि फावल्या वेळी प्राण्यांविषयीचे ग्रंथ वाची. जगातून नाहीशा झालेल्या आणि नाहीशा होत चाललेल्या प्राण्यांची एक यादी त्याने करावयास घेतली. यादी जसजशी लांबत गेली, तसतसे त्याचे मन बेचैन होऊ लागले.

त्याच सुमारास एक लहानशी पण महत्त्वाची गोष्ट घडली. चीन देशातील पेर डेव्हिड जातीचे हरीण आपल्या मायदेशातून केव्हाच नष्ट झाले होते. इंग्लंडमधील एका उमरावाने आपल्या उद्यानात त्यांचा कळप सांभाळला होता, म्हणूनच ती जात उरली होती. त्या कळपातील काही नवजात पाडसे व्हिप्स्नेडला आली आणि त्यांना बाटलीने दूध पाजण्याचे काम जेराल्डकडे आले. जी जात रानात उरलीच नाही, ती माणसाच्या काळजीने जगू शकते, हे त्याने आपल्या हातांनी अनुभविले. पुढील आयुष्यातील कार्याचे बीज त्या गोठ्यातच रुजले.

एकविसाव्या वर्षी ड्यूरेल यांना वडिलांच्या वारशापोटी तीन हजार पौंड मिळाले. त्या पैशांवर त्यांनी पश्चिम आफ्रिकेतील कॅमेरून देशाच्या दोन आणि दक्षिण अमेरिकेतील ब्रिटिश गयानाची एक अशा मोहिमा काढल्या. पकडलेले प्राणी ते इंग्लंडमधील प्राणिसंग्रहालयांना विकीत. परंतु प्राण्यांच्या खाण्यापिण्यात त्यांनी कधी काटकसर केली नाही. त्यामुळे तिसऱ्या मोहिमेअखेर गाठीचे सर्व पैसे संपले. त्याहूनही एक शल्य त्यांच्या मनात सलू लागले. आपण इतक्या कष्टाने जपून आणलेला प्राणी दुसऱ्याच्या हाती दिला की, तो पुढे कसा ठेवला जातो ह्यावर आपली काही सत्ता उरत नाही. कित्येक ठिकाणी प्राणी केवळ प्रेक्षकांच्या करमणुकीसाठी अरुंद पिंजऱ्यांत कोंडलेले असत. एक मेला तर दुसरा विकत आणावयाचा, अशी तेथील रीत होती. रान रिते करून पिंजरे भरणाऱ्या ह्या व्यवहारात आपलाही हात आहे, ही जाणीव त्यांना स्वस्थ बसू देईना.

१९५१ साली त्यांचा जॅकी वुल्फेंडन यांच्याशी विवाह झाला. त्या वेळी घरात दारिद्र्य होते. पत्नीच्या व थोरल्या भावाच्या आग्रहावरून ड्यूरेल यांनी लेखणी हाती घेतली. हा थोरला भाऊ म्हणजे प्रसिद्ध कादंबरीकार लॉरेन्स ड्यूरेल. जेराल्ड यांना लिहिण्याचा मनापासून कंटाळा. पण त्यांची शैली इतकी जिवंत व विनोदी होती की, १९५३ साली निघालेले पहिलेच पुस्तक लोकांनी उचलून धरले. १९५६ साली कॉर्फूच्या आठवणींचे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि त्यांचे नाव घरोघर पोहोचले. पुढे जन्मभर त्यांनी पुस्तके लिहिली, ती मुख्यतः प्राण्यांच्या पोटासाठी.

१९५७ साली ते पुन्हा कॅमेरूनला गेले. ह्या वेळचे प्राणी विकावयाचे नाहीत, त्यांच्यासाठी स्वतःचेच संग्रहालय काढावयाचे, असा निश्चय त्यांनी केला होता. प्राणी घेऊन ते परत आले खरे. पण जागाच मिळेना! तोवर ती सारी वानरे, पक्षी व साप बोर्नमथ गावी बहिणीच्या घराच्या परसात ठेवावे लागले. नगरपालिकांनी नकार दिला. अखेर त्यांच्या पुस्तकांच्या प्रकाशकाने कर्जाला हमी दिली आणि त्याच्याच ओळखीने जर्सी बेटावर एक जुना दगडी वाडा भाड्याने मिळाला. इंग्लंड व फ्रान्स यांच्यामधील समुद्रात हे चिमुकले बेट आहे. तेथे २६ मार्च १९५९ रोजी ड्यूरेल यांचे प्राणिसंग्रहालय उघडले.

ह्या संग्रहालयाची रीत निराळी होती. तेथे पहिला मान प्राण्यांचा, दुसरा त्यांची सेवा करणाऱ्यांचा आणि प्रेक्षकांचा मान तिसरा. प्राण्याला लपावेसे वाटले, तर लपण्यास जागा हवी. मग तिकीट काढून आलेल्याला तो दिसला नाही तरी चालेल. हत्ती-सिंहांसारखे गर्दी खेचणारे प्राणी मिळविण्यापेक्षा, ज्यांच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही, अशा लहान व दुर्मिळ जिवांना आसरा द्यावा, असा त्यांचा कटाक्ष होता. सुंदर पाखराची कीव कोणालाही येते. सापाची व सापसुरळीची कीव येण्यास मन मोठे असावे लागते.

परंतु मोठ्या मनाने हिशेब जुळत नाहीत. प्रेक्षक थोडे आणि खर्च फार. काही वर्षांत संग्रहालय कर्जात बुडाले. तेव्हा १९६३ साली ड्यूरेल यांनी ते एका विश्वस्त संस्थेच्या स्वाधीन केले. संस्थेच्या माथी जुने ओझे नको, म्हणून वीस हजार पौंडांचे कर्ज त्यांनी स्वतःच्या शिरावर घेतले आणि पुस्तकांच्या उत्पन्नातून ते फेडावयाचे ठरविले. ज्याचे संग्रहालय त्यानेच ते देऊन टाकावे आणि कर्ज तेवढे आपल्याकडे ठेवावे, असे उदाहरण विरळा.

पक्षी व सरपटणारे प्राणी यांची निगा राखणे हे वाटते तितके सोपे काम नाही. साप व पाली आपल्या शरीराची ऊब आपण राखू शकत नाहीत. ऊब बाहेरून मिळाली तरच त्यांना खाल्लेले पचते. म्हणून त्यांच्या खोलीचा एक कोपरा उबदार व दुसरा थंड ठेवावा लागतो. मग आपल्याला हवी ती जागा प्राणी आपणच निवडतो. पक्ष्याचे अंडे यंत्रात उबवावयाचे असेल, तर ते दिवसातून अनेकदा फिरवावे लागते. न फिरविल्यास आतील जीव कवचाला चिकटून मरतो. सापाच्या अंड्याचे ह्याच्या नेमके उलट! ते ज्या अंगावर घातले गेले, त्याच अंगावर राहिले पाहिजे. उलटले तर आतला जीव दगावू शकतो. अशा गोष्टी ठाऊक नसल्या, तर प्रेम असूनही हातून हत्या घडते. म्हणून जर्सीत प्राण्यांची टिपणे काटेकोरपणे ठेवली जात. काय खाल्ले, वजन किती भरले, अंडी केव्हा घातली, आजार कोणता झाला, हे सारे लिहिले जाई. एखादा प्राणी मेला तर त्याचे कारणही शोधले जाई. एका मरणापासून मिळालेला धडा दुसऱ्या प्राण्याचा जीव वाचवी.

ह्या कामात धोकाही होता. एकदा संध्याकाळी एक तरुण सेवक अजगराचा पिंजरा एकटाच साफ करावयास गेला. बारा फूट लांबीच्या त्या अजगराने त्याला चावा घेऊन विळखा घातला. त्याच्या हाका सुदैवाने ड्यूरेल यांच्या कानी पडल्या. ते धावत गेले आणि दोघांनी मिळून ते वेढे महत्प्रयासाने सोडविले. मोठ्या सापाजवळ एकट्याने जाऊ नये, हा नियम का असतो, ते त्या सेवकाला पुन्हा कोणी सांगावे लागले नाही.

१९७६ साली ड्यूरेल मॉरिशसला गेले. ज्या देशात कोकणातून गेलेल्या मराठी कष्टकऱ्यांचे वंशज आजही राहतात, तोच हा डोडोचा देश. तेथील तीन पक्ष्यांवर डोडोचीच पाळी येऊ घातली होती. गुलाबी कबुतरे अगदी थोडी उरली होती. तेथील हिरवे पोपट बोटांवर मोजण्याइतके होते. आणि झाडांतील पालींवर जगणारा तेथला लहान ससाणा? १९७४ साली रानात त्याचे केवळ चार पक्षी ठाऊक होते. माणसाने रान तोडले होते. हिवतापाच्या डासांवर फवारलेले विषारी औषध पालींच्या मार्गाने ससाण्याच्या पोटात गेले होते. आणि बाहेरून आणलेली माकडे घरट्यांतील अंडी खात होती.

मॉरिशसच्या उत्तरेस राउंड आयलंड नावाचे एक ओसाड खडकाळ बेट आहे. तेथील सापसुरळ्या, पाली आणि बोआ साप जगात दुसरीकडे कोठेच नव्हते. परंतु पूर्वी कोणी तरी तेथे बकऱ्या व ससे सोडले होते. त्यांनी रोपे खाल्ली, झाडे गेली आणि उघडी पडलेली माती पावसाने समुद्रात वाहून गेली. ड्यूरेल तेथे पोहोचले, तेव्हा मोठ्या सापसुरळ्या निर्भयपणे माणसांच्या पायांशी येऊन त्यांच्या फराळातील वाटा मागू लागल्या. आपले घर पायाखालून वाहून चालले आहे, हे त्या बिचाऱ्यांना काय ठाऊक! बिळांत राहणारा एक साप तर १९७५ नंतर कोणालाच दिसला नाही. मदत पोहोचण्यास अवघ्या एका वर्षाचा उशीर झाला होता.

गुलाबी कबुतरे, सापसुरळ्या व मोठ्या पाली जर्सीला आणण्यात आल्या. पुढे दुर्मिळ बोआ सापही आले. सापांना व पालींना ऊब, वाळू व आडोसा मिळाला आणि त्यांची संतती वाढू लागली. कबुतरे मात्र अंडी घालीत, पण उबविण्यात हयगय करीत. तेव्हा त्यांची अंडी पाळीव पारव्यांच्या घरट्यात ठेवण्याची युक्ती काढण्यात आली. पारव्यांनी दुसऱ्याची पिल्ले आपली म्हणून वाढविली.

ससाण्याचे काम मॉरिशसमध्येच चालले. ह्या पक्ष्याचा नाद सोडून द्यावा आणि तो पैसा दुसऱ्या प्राण्यांसाठी वापरावा, असे सांगणारे जाणकारही होते. १९७९ साली तेथे आलेले तरुण पक्षितज्ज्ञ कार्ल जोन्स यांना तर काम आवरते घेण्याच्याच सूचना होत्या. त्यांनी हार मानली नाही आणि ड्यूरेल यांची संस्था त्यांच्या पाठीशी उभी राहिली. घरट्यातील पहिली अंडी काढून नेली की, मादी पुन्हा अंडी घालते. ती पहिली अंडी यंत्रात उबवून, पिल्ले वाढवून पुन्हा रानात सोडावयाची, असा क्रम जोन्स यांनी चालविला. चाराचे दहा झाले, दहांचे शंभर झाले. ड्यूरेल यांच्या हयातीतच हे ससाणे दोनशेच्या वर गेले.

सर्वच प्रयत्न सुखाचे झाले नाहीत. १९८४ साली काही गुलाबी कबुतरे मॉरिशसमधील एका बागेत मोकळी सोडली. त्यांतील कित्येक मुलांच्या गलोलींना बळी पडली. इतक्या वर्षांचा खटाटोप एका खड्याने धुळीस मिळाला. ज्या देशाचा प्राणी, त्या देशाच्या मुलामाणसांना तो आपला वाटल्यावाचून तो वाचणार नाही, हे ड्यूरेल पूर्वीपासूनच जाणून होते. म्हणून त्यांनी जर्सीत प्राणिरक्षणाची एक पाठशाळा काढली. तिचा पहिला विद्यार्थी १९७७ साली मॉरिशसहूनच आला होता. पुढे शंभराहून अधिक देशांतील विद्यार्थ्यांनी ह्या पाठशाळेचा लाभ घेतला. भारतालाही संस्थेची मदत झाली. आसामातील चिमुकल्या रानडुकराची जात वाचविण्याचे कार्य १९९५ साली तिच्या सहकार्याने सुरू झाले.

राउंड आयलंडवरील शेवटच्या बकऱ्या १९७९ साली हलल्या आणि न्यूझीलंडहून आलेल्या तज्ज्ञांच्या मदतीने १९८६ साली ससेही गेले. हळूहळू खडकांवर गवत व ताडांची रोपे दिसू लागली. सापसुरळ्यांची संख्या वाढली. आणि २०१२ साली बोआ साप शेजारच्या दुसऱ्या बेटावरही सोडण्यात आले.

अखेरच्या वर्षांत ड्यूरेल यांची प्रकृती खालावली. तरी काम थांबले नाही. त्यांच्या द्वितीय पत्नी ली ह्या स्वतः प्राणिशास्त्रज्ञ होत्या. त्यांच्यासह १९९० साली ते मादागास्करच्या रानांत दुर्मिळ प्राण्यांसाठी हिंडले. ३० जानेवारी १९९५ रोजी, वयाच्या सत्तराव्या वर्षी, जर्सी येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे वाड्याच्या बागेतच त्यांच्या अस्थी पुरण्यात आल्या. १९९९ साली संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले.

गुलाबी कबुतरे आज मॉरिशसच्या रानात चारशेहून अधिक आहेत. पूर्वी बोटांवर मोजता येणारे पोपट कित्येक शेकडे झाले आहेत. जेराल्ड ड्यूरेल लहानपणी प्राणी पकडून घरी आणीत. मोठेपणी तेच प्राणी परत रानात कसे जातील, ह्याची चिंता त्यांनी वाहिली. प्राणी आपल्याजवळ असावा, असे अनेकांना वाटते. तो आपल्यावाचून सुखाने जगावा, असे वाटणे ही प्रेमाची त्याहून वरची पायरी होय. ती पायरी चढण्यास ड्यूरेल यांना सारे आयुष्य वेचावे लागले. पण त्यांच्या श्रमांमुळे डोडोच्या देशात दुसरा डोडो होण्याचे टळले.